घोडेपालनासाठी राज्य आयोग: काय मिळेल, काय मिळणार नाही आणि तोवर काय करावे

काटोल म्हटले की संत्रा, मोसंबी, कपाशी आणि तूर डोळ्यांसमोर येते. घोडा या यादीत कोणी धरत नाही. तरीही काटोल, नरखेड, कळमेश्वर या पट्ट्यात वरातीसाठी घोडी पाळणारी कुटुंबे आहेत, वीटभट्टीवर गाढवे राबवणारे आहेत आणि हौसेने मारवाडी किंवा काठियावाडी घोडा बांधणारे बागायतदारही आहेत. पहिल्या दोघांकडे बहुतेक वेळा शेतजमीन नसते. घोडा दूध देत नाही, म्हणून त्याच्या मालकाची दूध संघात नोंद नाही. शेती नाही, म्हणून पीक योजनांतही तो नाही. घोडी आजारी पडली की पशुवैद्यकीय दवाखाना गाठायचा, एवढीच सरकारशी त्याची ओळख.

गाईसाठी राज्यात आयोग झाला, शेळी-मेंढीसाठी महामंडळ आहे, मग घोड्यासाठी काहीच का नाही, हा प्रश्न स्वाभाविक आहे. असा आयोग झाला तर त्याच्याकडून कशाची अपेक्षा धरावी, कशाची धरू नये आणि आज उपलब्ध असलेल्या सोयी कोणत्या, याची माहिती या लेखात दिली आहे. घोडा या शब्दात येथे तट्टू, खेचर आणि गाढव यांचाही समावेश धरला आहे, कारण आजार आणि योजना या चौघांच्या एकच आहेत.

आयोग, मंडळ आणि महामंडळ यांतील फरक

हे तीन शब्द बोलताना आपण सहज एकमेकांच्या जागी वापरतो. कागदावर मात्र त्यांचे काम वेगळे असते.

आयोग कायद्याने स्थापन होतो. महाराष्ट्र गोसेवा आयोग हे ताजे उदाहरण. त्यासाठी विधिमंडळाने २०२३ मध्ये स्वतंत्र अधिनियम केला. देशी गोवंशाचे संवर्धन आणि गोशाळा, पांजरपोळ यांची नोंदणी व देखरेख हे त्याचे मुख्य काम. आयोगाला तपासणीचा अधिकार असतो, शासनाला शिफारस करता येते, इतर विभागांकडून माहिती मागवता येते. महामंडळ हा कंपनीसारखा प्रकार. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ १९७८ पासून पुण्यातून काम करते. त्याची स्वतःची प्रक्षेत्रे आहेत. विदर्भात नागपूर जिल्ह्यातील बोंद्री आणि अमरावतीजवळचे पोहरा ही त्यांपैकी दोन. तेथे जातिवंत जनावरे पैदास करून पशुपालकांना दिली जातात. मंडळ या दोहोंच्या मधले असते. महाराष्ट्र पशुधन विकास मंडळ मुख्यतः गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाचे आणि वीर्यमात्रांचे काम पाहते.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार पशुधनाचे संवर्धन, जनावरांच्या रोगांना आळा आणि पशुवैद्यकीय सेवा हे विषय राज्यांच्या यादीत आहेत. बाजार आणि जत्राही राज्याच्याच यादीत. त्यामुळे अश्व आयोग करायचा ठरवला तर दिल्लीच्या परवानगीसाठी थांबावे लागत नाही, मुंबईत कायदा करता येतो.

गोसेवा आयोगाच्या अनुभवातून एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. कायदा झाला मार्च २०२३ मध्ये. गोशाळांतील देशी गाईंसाठी प्रतिदिन प्रतिगाय ५० रुपये देण्याची योजना मंत्रिमंडळाने मंजूर केली ३० सप्टेंबर २०२४ रोजी. म्हणजे मध्ये दीड वर्ष गेले, आणि पैसा आला तो मंत्रिमंडळाच्या वेगळ्या निर्णयाने. शिवाय तो गोशाळांसाठी आहे, घरी दोन गाई बांधणाऱ्या शेतकऱ्यासाठी नाही. आयोग ही तिजोरी नसते, तो एक पत्ता असतो. प्रस्ताव कोठे पाठवायचा, तक्रार कोणाकडे करायची, नोंद कोणी ठेवायची, याचे उत्तर मिळते. घोडेपालकाकडे आज नेमका हा पत्ताच नाही.

मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. बारगीराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई. नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरील स्वाऱ्यांमुळे बंगालीत ‘बोर्गी’ हा शब्द रुजला तो या बारगीरावरूनच. आजचे सगळे घोडेपालक शिलेदार आहेत. घोडा स्वतःचा, दाणा स्वतःचा आणि घोडा मेला तर नुकसानही स्वतःचेच.

संख्या किती वेगाने घटली

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात घोडे व तट्टे मिळून सुमारे ३.४ लाख भरली. २०१२ मध्ये हीच संख्या ६.२ लाखांच्या पुढे होती, म्हणजे सात वर्षांत ४५ टक्क्यांहून अधिक घट. गाढवे तर ६१ टक्क्यांनी घटून १.२ लाखांवर आली. ट्रॅक्टर, छोटा हत्ती आणि तीनचाकी टेम्पो यांनी ओझ्याचे काम घेतले, हे याचे उघड कारण. मुंबईतील व्हिक्टोरिया गाड्या बंद करण्याचा आदेश उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला, त्यामुळे एक जुना रोजगारही संपला. माथेरान, महाबळेश्वर, पाचगणी येथे पर्यटकांमुळे घोडा अजून टिकून आहे. उत्तर पुणे जिल्ह्यात बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी पळवण्याची पद्धत आहे, तेथे तिला मागणी असते. विदर्भातल्या शंकरपटात तसा प्रकार नाही. इकडे घोडीला काम वरातीचे.

एकविसावी पशुगणना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. प्रगणकाला घोडा-गाढवाची वेगळी नोंद करावी लागते. ज्यांची जनावरे गावाबाहेर वीटभट्टीवर किंवा पालावर असतात त्यांची नोंद सुटण्याचा धोका जास्त. नोंद नसलेल्या जनावरासाठी लस, औषध किंवा भरपाईची तरतूद कोणी मागत नाही.

आपली जात आणि तिची कागदावरची ओळख

महाराष्ट्राच्या राज्यगीतात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे. नागपूरच्या राजा बढे यांच्या या गीताला २०२३ मध्ये राज्यगीताचा मान मिळाला. पण स्वतंत्र जात म्हणून या घोड्याची सरकारदरबारी नोंद झाली ती त्यानंतर, २०२३-२४ मध्ये. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडीला देशातील आठवी नोंदणीकृत घोड्याची जात म्हणून मान्यता दिली. त्याआधीच्या सात म्हणजे मारवाडी, काठियावाडी, कच्छी-सिंधी, मणिपुरी, भूतिया, स्पिती आणि झंस्कारी.

भीमथडी हा ठेंगणा, काटक आणि कमी चाऱ्यावर निभावणारा घोडा. पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या भागांत मेंढपाळ धनगर स्थलांतरात बिऱ्हाड लादण्यासाठी त्याचा वापर करतात. तो टिकला तो राजवाड्यात नव्हे, मेंढरांच्या वाड्यात. म्हणून या जातीचे संवर्धन करायचे तर आधी मेंढपाळाची चराई आणि त्याची वाट टिकली पाहिजे. शहरालगत चार सुंदर तबेले बांधून ते होणार नाही.

विदर्भाची स्वतःची नोंदणीकृत घोड्याची जात नाही. इकडचे वैभव म्हणजे गवळाऊ गाय-बैल. त्यासाठी काटोलला लागून असलेल्या वर्धा जिल्ह्यात, कारंजा (घाडगे) तालुक्यातील हेटीकुंडी येथे पैदास प्रक्षेत्र आहे. गवळाऊसाठी जे हेटीकुंडीला होऊ शकले तसे केंद्र भीमथडीसाठी तिच्या मूळ भागात असावे, ही मागणी वाजवी आहे. विदर्भात मात्र त्याचा अट्टहास धरू नये. इकडच्या घोडेपालकाला पैदास केंद्रापेक्षा तपासणीची सोय जास्त उपयोगी पडेल.

बाजार

नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात तापीकाठी सारंगखेडा येथे एकमुखी दत्ताच्या यात्रेत दत्तजयंतीपासून भरणारा घोडेबाजार राज्यात सर्वांत प्रसिद्ध. अलीकडे चेतक महोत्सवामुळे तेथे पर्यटकही जातात. नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवे आणि उंटांचा बाजार भरतो. गाढवांसाठी जेजुरी आणि मढी ही ठिकाणे ठरलेली. विदर्भातला घोडेपालक सहसा माळेगाव किंवा सारंगखेड्याहून घोडी आणतो, नाही तर दलालाकडून घेतो.

या बाजारात घोड्याची पारख आजही रंग, चाल आणि भोवऱ्यांवर होते. पंचकल्याण, अबलख, नुकरा, कुमैत हे रंग, देवमन भोवरा शुभ, अमुक भोवरा खोडीचा, अशी बोली चालते आणि भाव त्यावर हजारांनी वरखाली होतो. ज्याची श्रद्धा त्याच्यापाशी. पण देवमन असलेल्या घोडीला रोग होत नाही असे नाही. घेणाऱ्याने भोवऱ्याच्या आधी दात, नाकपुड्या, जबड्याखालच्या गाठी, चारही खूर आणि मागच्या पायांची चाल पाहावी. घोडी गाभण असल्याचे सांगून विकत असतील तर पैसे देण्यापूर्वी पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावी.

गाई-म्हशींना कानात बारा अंकी टॅग असतो आणि त्याशिवाय आता खरेदी-विक्री होत नाही. घोड्याच्या बाबतीत ओळख पटवण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे मानेत बसवलेली मायक्रोचिप आणि खुणांचा लेखी तक्ता. शर्यतीच्या घोड्यांत हे नियमाने होते. बाजारातल्या घोडीची ओळख मात्र पावतीवरच्या ‘रंग लाल, कपाळावर टिळा’ एवढ्यावर भागते. अशा पावतीवर विम्याचा दावा लढवणे अवघड जाते.

ग्लँडर्स: आयोगाची खरी गरज येथे आहे

ग्लँडर्स हा घोडा, खेचर आणि गाढवांना होणारा जिवाणूजन्य आजार आहे आणि तो माणसालाही होतो. नाकातून घट्ट, पिवळसर, कधी रक्तमिश्रित स्राव, ताप, खोकला, जबड्याखाली गाठी, पायांच्या आतल्या बाजूला किंवा अंगावर रेषेत उठलेल्या आणि फुटणाऱ्या गाठी ही लक्षणे. गाढव आणि खेचरात आजार तीव्र असतो, जनावर काही दिवसांत दगावते. घोड्यात तो महिनोन्महिने दबून राहू शकतो. वरून धडधाकट दिसणारी घोडी शेजारच्या जनावराला आणि मोतद्दाराला आजार देऊ शकते. सामाईक हौद, तोबरा आणि खरारा ही पसरण्याची नेहमीची वाट.

यावर लस नाही. आजारी जनावरावर उपचार करायचे नसतात, कारण ते बरे झालेले दिसले तरी रोगवाहक राहते. २००९ च्या प्राण्यांतील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियमानुसार हा अधिसूचित रोग आहे. शंका आल्यास मालकाने कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. पशुवैद्यक रक्तजल नमुना घेतात. देशातील मुख्य तपासणी हरियाणातील हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. ही संस्था १९८५ मध्ये स्थापन झाली. अहवाल बाधित आला तर जनावराला वेदनारहित मरण देऊन खोल पुरावे लागते आणि भोवतालच्या क्षेत्रात घोड्यांच्या हालचालीवर व बाजारावर बंदी येते. यासाठी केंद्राने २०१९ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आणला आणि २०२५ मध्ये त्यात सुधारणा केल्या.

भारतात काही वर्षे शांत असलेला हा आजार २००६ मध्ये पुन्हा उफाळला तेव्हा सुरुवातीच्या उद्रेकांत महाराष्ट्र होता. पुढे तो उत्तरेकडील राज्यांत पसरला.

आता मालकाच्या बाजूने पाहू. वरातीची घोडी हेच एखाद्या कुटुंबाचे सगळे भांडवल असते. नाकातून स्राव आला आणि त्याने दवाखान्यात कळवले तर घोडी जाण्याची शक्यता. भरपाई शासकीय दराने, घोडीच्या बाजारभावाशी तिचा मेळ बसेलच असे नाही. न कळवता घोडी दूरच्या बाजारात विकली तर पैसे हातात येतात आणि रोग दुसऱ्या जिल्ह्यात जातो. कायद्यात शिक्षा आहे, पण केवळ शिक्षेच्या धाकाने पोटाचा प्रश्न सुटत नाही. भरपाई लवकर आणि पुरेशी मिळाली तरच लपवाछपवी थांबते.

अश्व आयोगाने दुसरे काहीही केले नाही आणि फक्त तीन गोष्टी केल्या तरी तो स्थापन केल्याचे सार्थक होईल. बाजार भरण्याआधी नमुने तपासून प्रमाणपत्र देण्याची यंत्रणा, ठरलेल्या मुदतीत मिळणारी भरपाई आणि प्रत्येक घोड्याची मायक्रोचिपसह नोंद. राज्याचा रोग अन्वेषण विभाग पुण्यात औंध येथे आहे, महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठ नागपुरात आहे. नमुना संकलनाची साखळी या दोन ठिकाणांवरून उभी करता येईल. इमारतीपासून सुरुवात करण्याची गरज नाही.

पैसा कोठून येणार

घोडेपालनासाठी केंद्राची एक योजना आजच उपलब्ध आहे आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानात २१ फेब्रुवारी २०२४ च्या केंद्रीय मंत्रिमंडळ निर्णयाने घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांचा समावेश झाला. व्यक्ती, बचत गट, शेतकरी उत्पादक कंपनी, संयुक्त दायित्व गट यांना पैदास प्रकल्पासाठी ५० टक्के भांडवली अनुदान, कमाल ५० लाख रुपये, अशी तरतूद आहे. अर्ज अभियानाच्या उद्यमिमित्र संकेतस्थळावर ऑनलाइन करावा लागतो.

यात दोन गोष्टी समजून घ्याव्यात. अनुदान भांडवली खर्चावर आहे, दाणा-चाऱ्यावर नाही. आणि ते आधी हातात पडत नाही. बँकेचे कर्ज किंवा स्वतःचा पैसा घालून प्रकल्प उभा करावा लागतो, अनुदान टप्प्याने मिळते. दोन घोड्या वरातीला देणाऱ्याला या योजनेचा थेट उपयोग नाही. जमीन आणि बँकेत पत असलेल्या पाच-दहा जणांनी गट केला तरच ती पेलते.

याच निर्णयात राज्यांसाठीही एक तरतूद आहे. घोडा, गाढव व उंट यांच्या जाती संवर्धनासाठी वीर्य केंद्र आणि केंद्रकळप प्रक्षेत्र उभारण्यास केंद्र १० कोटी रुपये देते. मात्र प्रस्ताव राज्याकडून जावा लागतो. प्रस्ताव तयार करायला, पाठपुरावा करायला कोणी जबाबदार अधिकारी असेल तर तो जाईल. पत्ता नसल्याचा तोटा किती, हे येथे रुपयांत मोजता येते.

विम्याचेही पाहावे. अभियानातील पशुधन विमा घटकात घोडा, गाढव, खेचर ही ओझ्याची जनावरे बसतात आणि लाभार्थ्याचा हिस्सा हप्त्याच्या १५ टक्के आहे, उरलेला केंद्र व राज्य भरतात. कंपन्या घोड्याचा विमा उतरवायला फारशा उत्सुक नसतात. विस्तार कार्यकर्त्याने गावातल्या पाच-सात मालकांचे अर्ज एकत्र नेले तर काम सोपे जाते.

आयोगाचा कायमचा खर्च भागवायचा कसा, यावर बाहेरच्या देशांत निरनिराळे मार्ग आहेत. फ्रान्समध्ये राजाच्या मंत्री कोल्बेरने १६६५ मध्ये सरकारी अश्वपैदास केंद्रे सुरू केली, ती परंपरा २०१० मध्ये एका राष्ट्रीय संस्थेत विलीन झाली. तेथे खर्च मुख्यतः सरकारचा. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात १९९८ पासून कृषी विभागाच्या छत्राखाली अश्व उद्योग मंडळ आहे. घोड्यांच्या तयार खाद्यावर टनामागे लहानसा आकार घेऊन त्याचे काम चालते आणि भाड्याने घोडे देणाऱ्या तबेल्यांना परवाने व तपासणी तेच करते. आपल्याकडे घोड्याला गिरणीतला भरडा आणि घरचा हरभरा जातो, त्यामुळे खाद्यावरचा आकार जमणार नाही.

मग पुणे-मुंबईच्या शर्यतींचा पैसा? घोड्यांच्या धंद्यात मोठी उलाढाल तेथेच आहे. पण शर्यतीवरील पैज वस्तू व सेवा कराखाली येते, २०२३ मध्ये दर पूर्ण रकमेवर २८ टक्के होता. त्यातून अश्व आयोगासाठी वेगळा हिस्सा काढायचा तर राज्याने स्वतःच्या अर्थसंकल्पात तरतूद करावी लागेल. बाजारातील प्रवेश शुल्क आणि पर्यटनस्थळांच्या घोडा परवान्याचे शुल्क हे छोटे स्रोत आहेत. ते घेताना गरीब घोडेवाल्यावरच नवा भार पडणार नाही हे पाहावे लागेल.

संत्र्याला जोड म्हणून घोडा पाळावा का?

बागेत मंदी आली की जोडधंद्याचा विचार येतो, त्यात घोडेपालनाचे व्हिडिओ मोबाइलवर खूप फिरतात. आधी हिशेब मांडावा.

घोडीचा गाभणकाळ सुमारे ११ महिने असतो, शिंगरू एकच. सगळे नीट जुळले तर चार वर्षांत तीन शिंगरे मिळतील. शिंगरू विकण्याजोगे होईपर्यंत दोन ते तीन वर्षे जातात. गाय विली की दुसऱ्या आठवड्यापासून दूध संघाचा पैसा सुरू होतो, तसे येथे नाही. संत्र्याची कलमे लावून पाच-सहा वर्षे थांबणाऱ्या शेतकऱ्याला धीर शिकवायला नको, पण बागेत तोवर आंतरपीक निघते, तबेल्यात निघत नाही.

चाऱ्याचा अंदाज असा. ३०० किलो वजनाच्या घोडीला वजनाच्या साधारण २ टक्के, म्हणजे दिवसाला ६ किलो कोरडे खाद्य लागते. त्यात साडेचार किलो कडबा-गवत आणि दीड किलो दाणा धरला तर वर्षाला सुमारे १६ क्विंटल चारा आणि साडेपाच क्विंटल दाणा झाला. आपल्या गावच्या भावाने गुणून पाहावे. त्यात नाल, औषध, खोगीर-साज आणि माणसाची मजुरी मिळवावी. वरातीचा हंगाम तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंत. चातुर्मासात घोडी बसून खाते.

स्वतःचा चारा, घरचे माणूस आणि घोड्याची आधीपासून जाण असेल तर एक-दोन घोड्या परवडतात. कर्ज काढून, आयोग येईल आणि अनुदान मिळेल या भरवशावर तबेला बांधू नये.

ज्यांच्याकडे घोडा आहे त्यांनी एवढे पाळावे

कोंबड्यांचे किंवा गुरांचे कारखान्यातले खाद्य घोड्याला देऊ नये. त्यातील काहींत मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. ते गुरांना आणि कोंबड्यांना चालते, घोड्याला थोड्या प्रमाणातही प्राणघातक ठरते. गोठा आणि तबेला एकत्र असलेल्या घरी ही चूक सहज होते, म्हणून पोती वेगळ्या खोलीत ठेवावीत.

बुरशी आलेला मका आणि पावसात भिजलेले कुटार टाकून द्यावे. गाय चार पोटांची, ती पचवून नेते. घोडा तसा नाही, त्याला उलटीही होत नाही. पोटशूळ हे घोड्याच्या मृत्यूचे फार मोठे कारण आहे. घोडी पोटाकडे वळून पाहू लागली, पाय आपटू लागली, वारंवार लोळू लागली आणि लीद बंद झाली तर खाद्य थांबवावे, हळू चालवत राहावे आणि तासाभरात पशुवैद्यक गाठावा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. अवघड प्रकरण नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यावे. काटोलहून अंतर साधारण ६० किलोमीटर, म्हणून निर्णय लवकर घ्यावा.

चारा म्हणून ज्वारीचा वाळलेला कडबा, मारवेल, पवना, थोडा लसूणघास चालतो. हिरव्या ज्वारीवर दिवसेंदिवस चारू नये. त्याने घोड्याच्या मूत्राशयाला सूज येऊन मागचे पाय लुळे पडतात. सरकी ढेप शिंगरांना देऊ नये. हरभरा एकदम भरपूर न देता दिवसातून तीनदा विभागून द्यावा, नाहीतर खुरांचा दाह होऊन घोडी कायमची लंगडते. कपाशी किंवा संत्र्यावर फवारणी झाली असेल तर त्या धुऱ्यावर घोडी बांधू नये.

धनुर्वाताची लस प्रत्येक घोड्याला आणि त्याला हाताळणाऱ्या माणसाला द्यावी. धनुर्वाताचे जंतू लीदीत असतात, आणि नाल ठोकताना खिळा लागणे नेहमीचे आहे. खूर सहा ते आठ आठवड्यांनी कापून नाल बदलावी. चांगला नालबंद आता तालुक्यात शोधूनही सापडत नाही. बैलांना नाल मारणारा प्रत्येक जण घोड्याचा खूर जाणतोच असे नाही. नालबंदांचे प्रशिक्षण हे आयोगाचे स्वस्तातले आणि लगेच परिणाम देणारे काम ठरेल.

पावसाळ्यात आणि त्यानंतर गोमाशांमुळे सर्रा हा रक्ताचा आजार पसरतो. येऊन-जाऊन ताप, पायांना व पोटाखाली सूज, खाणे चालू असूनही वाळत जाणे ही त्याची लक्षणे. रक्त तपासून वेळेत इंजेक्शन दिले तर घोडी वाचते. ताप उतरला म्हणून थांबू नये, तो पुन्हा येतो.

लीद संत्र्याच्या बागेला चांगली, पण ताजी टाकू नये. खड्ड्यात तीन-चार महिने कुजवून मगच आळ्यात घालावी. ग्लँडर्सची शंका असलेल्या तबेल्यातील लीद शेतात नेऊ नये, पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली जाळावी किंवा पुरावी.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

आयोगाची मागणी वरच्या पातळीवर पोहोचवायची तर सोबत गावाची यादी हवी. आपल्या कार्यक्षेत्रातील घोडा, तट्टू, खेचर, गाढव मालकांची नावे, जनावरांची संख्या, वय, काम आणि मागील वर्षातील मृत्यू यांची एक साधी नोंदवही पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे ठेवावी. वीटभट्ट्या आणि पाल विसरू नयेत. ग्रामसभेत ठराव घेताना ‘आयोग स्थापन करावा’ एवढेच न लिहिता काय हवे ते लिहावे: बाजारापूर्वी मोफत ग्लँडर्स तपासणी, भरपाईची मुदत, मायक्रोचिप, विम्यात समावेश, नालबंद प्रशिक्षण. आयोग होवो किंवा न होवो, यांतील दोन-तीन मागण्या जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाकडून जिल्हा वार्षिक योजनेत मांडता येतात. नोंदवहीत गाढवांचा रकाना रिकामा ठेवू नये. ग्लँडर्सने पहिला बळी बहुधा गाढवाचा जातो, आणि त्याच्या मालकाकडे पावतीही नसते.